माळरानावरची शाळा

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्योगधंद्याविषयी बोलण्यासाठी एका सरकारी अधिकाऱ्यास उभे करावे, यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. ज्याचे वेतन महिन्याच्या अखेरीस न चुकता बँकेत जमा होते, त्याने उद्योजकाच्या अडचणींविषयी काय सांगावे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु मला जो प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे, तो उद्योजकांइतकाच आपणा नोकरदारांचाही आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी म्हणते, “मला नोकरी करावयाची नाही, स्वतःचे काही उभारावयाचे आहे.” अशा वेळी आपण, म्हणजे आईबापांनी, काका-मामांनी आणि या मंडळानेही, काय करावे, हा तो प्रश्न होय.

जबलपुरातील मराठी माणसाचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे होता; १८१७ साली तो जाऊन इंग्रजी अंमल आला. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग याच शहरी जोडले गेले. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली. रेल्वे, तारखाते, आयुध निर्माणी, शाळा-महाविद्यालये आणि कचेऱ्या यांच्या आश्रयाने आपली घरे येथे वसली. नर्मदामाईच्या कुशीत आपण सुखाने राहिलो. त्या सुखाचे मूळ नोकरीत होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आपल्या वडिलांनी गाव सोडले ते हौसेने नव्हे. पोटासाठी सोडले, आणि मिळालेली नोकरी त्यांनी देवघरातल्या समईसारखी जपली.

“उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी” असे आपले पूर्वज म्हणत. आपण ती म्हण पाठ केली आणि आचरणात तिचा क्रम नेमका उलटा लावला. मुलाने दहावीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवले की कोणत्या स्पर्धा परीक्षेस बसवावे याची चर्चा सुरू होते. घरात कोणी दुकानाचा किंवा कारखान्याचा विषय काढला, तर आजीपासून सर्वांच्या कपाळाला आठ्या पडतात. “आपल्याला जमायचं नाही रे ते,” हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. त्यात माया असते, आणि भीतीही असते.

परंतु ज्या खांबाला टेकून आपण ही भीती बाळगली, तो खांबही आता पूर्वीच्या जागी नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशभरातील कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. जबलपुरातील कारखानेही त्यांत गेले. ते चांगले झाले की वाईट, हा आजचा विषय नाही, आणि माझ्या पदावरील माणसाने त्यावर मत देणे योग्यही नाही. सांगावयाचे ते इतकेच, की निश्चितता नावाची जी वस्तू आपण मुलांच्या पदरी बांधू पाहतो, ती आपल्याजवळ तरी पूर्वीइतकी उरली आहे काय, याचा विचार व्हावा.

म्हणून आज मी आपणांस एका माणसाची हकीकत सांगणार आहे. त्याचे आडनाव आपल्या पिढीला मासिकामुळे परिचित आहे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत टपालाने येत आणि हातोहात फिरत. त्यांतील ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने, एका नांगराच्या कारखान्यात झाला, हे मात्र फार थोड्यांना आठवत असेल. त्या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र म्हणजे अडचणींची एक लांबलचक यादीच आहे. त्या प्रत्येक अडचणीशी ते कसे वागले, ते पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड होती म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने असे लक्षात आले, की रंगांतील काही भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठी अडचण ती कोणती? दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला, पण रेघ सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा पंचेचाळीस रुपये वेतनावर साहाय्यक शिक्षक झाले. शिकवून उरलेला वेळ आणि सुट्ट्या त्यांनी कारखान्यांत घालवल्या. यंत्र उघडावे, जोडावे, पुन्हा उघडावे, असा त्यांचा क्रम असे.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाली. लक्ष्मणरावांनी १८९७ साली नोकरी सोडली आणि बेळगावी थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे आले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे लहानसे दुकान होते. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती. ती विकल्यावर चालवावयास शिकवण्याचे हे बंधू पंधरा रुपये घेत. दुकानाच्या जोडीने कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

आता कथेतील खरी परीक्षा येते. नांगर तयार झाला, पण घ्यावयास कोणी येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. क्षणभर डोळ्यांपुढे आणा. दोन वर्षे माल पडून आहे, घरात खाणारी तोंडे आहेत, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो शेतकरी नांगराकडे संशयाने पाहतो आहे.

शिकलेल्या माणसाला अशा वेळी एक सोपी वाट उपलब्ध असते. लोक अडाणी आहेत, त्यांना कळत नाही, असे म्हणावे आणि मोकळे व्हावे. परंतु शेतकऱ्याच्या बाजूनेही विचार करून पाहा. त्याचा लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई. हा परका लोखंडी नांगर मोडला तर कोणाच्या दारात जावे? एक हंगाम चुकला तर वर्षभर खावे काय? त्याच्या नकारात भ्रम होता, तसा पिढ्यान्‌पिढ्यांचा सावधपणाही होता. गिऱ्हाइकाच्या नकारात असे दोन्ही मिसळलेले असते, आणि त्यातील धान्य व कोंडा वेगळा करणे हेच उद्योजकाचे काम. नांगर चांगला असून भागत नाही, तो चांगला असल्याचे शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात त्याला दिसावे लागते. नांगराची माहितीही नांगराइतक्याच कष्टाने खेड्यात पोचवावी लागते. पुढे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचे पत्रक म्हणून ‘खबर’ काढली, तिच्या मुळाशी हीच गरज होती. विक्रीतील अडचणीने मराठी भाषेला एक मासिक दिले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

नांगराला मागणी येऊ लागली तोच तिसरे संकट आले. नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा मोकळी करावी, असे बेळगावच्या नगरपालिकेने सांगितले. भट्टी, यंत्रे, कारागीर, सारा संसार उचलून जावे कोठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना बोलावून घेतले. कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला उजाड माळ होता. पाण्याचे दुर्भिक्ष आणि सापांचा सुळसुळाट. अशा जागी १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी पाऊल ठेवले. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे त्यांच्या सोबत होती. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

त्या माळावर जमलेल्या माणसांत पदव्या मिरवणारे फारसे कोणी नव्हते. ज्यांना इतरांनी नाकारले, जे कोठे बसत नव्हते, त्यांतील कित्येकांना तेथे काम मिळाले. तुरुंगातून सुटलेल्या माणसांवर वस्तीच्या राखणीची जबाबदारी लक्ष्मणरावांनी सोपवली, हे तर प्रसिद्धच आहे. मला यात त्यांच्या सर्व आयुष्याचे सूत्र दिसते. ज्याला स्वतःला एकदा डोळ्यांच्या दोषामुळे आणि एकदा जन्मामुळे दाराबाहेर ठेवले गेले, तो दुसऱ्याकडे पाहताना दोषाच्या पलीकडे पाहावयास शिकला.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि लोखंड मिळेनासे झाले. त्या दिवसांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तोफांचे गाडे घडवणाऱ्या या आपल्या जबलपुरात ती ऐकताना थोडे हसूही येते आणि थोडे अंतर्मुखही व्हावे लागते. लोखंड तेच असते, त्याचे काय करावयाचे ते माणसाने ठरवावयाचे असते.

आणि शेवटची परीक्षा उतारवयात आली. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांचे श्रम डोळ्यांदेखत राख झाले, तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले, आणि आजही त्या माळावर पंप तयार होतात. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९८२ साली इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याच्या नावात त्यांनी गुलाबाच्या आधी निवडुंग घातला, तो उगीच नव्हे.

श्रोतेहो, ही हकीकत सांगून “पाहा, अडचणीमुळे माणूस मोठा होतो” असा निष्कर्ष काढून मी खाली बसलो, तर आपण टाळ्या वाजवाल. परंतु ते पूर्ण सत्य होणार नाही. अडचणी सर्वांनाच येतात. त्यांतून मोठे होणारे थोडे, आणि खचणारे पुष्कळ. मग फरक कोठे पडतो?

सरकारी कचेरीतील माझ्या अनुभवातून मी याचा विचार केला आहे. आमच्या कचेरीत अडचण आली की आम्ही तिच्यावर टिपण लिहितो आणि फाईल वरिष्ठांकडे सादर करतो. वरिष्ठ तिच्यावर शेरा मारून आणखी वर पाठवतात. यात वाईट काही नाही. सार्वजनिक पैशाचा कारभार असाच जपून करावा लागतो. परंतु उद्योजकाला वर पाठवावयास वरिष्ठच नसतो. ती फाईल रात्री त्याच्या उशाशी असते आणि सकाळी तोच ती उघडतो. म्हणून अडचण त्याला जितके शिकवते, तितके ती आम्हांस शिकवीत नाही. अडचणीचे स्वागत करावे म्हणजे काय, तर ती दुसऱ्याकडे न ढकलता तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे.

आणि प्रत्येक अडचणीचे म्हणणे एकच नसते. काही अडचणी म्हणतात, अजून थोडे रेट. नांगराची दोन वर्षे या जातीची होती. काही म्हणतात, वाट बदल. रंग न ओळखणारे डोळे या जातीचे होते. तेथे हट्टाने चित्रकारच होण्याचा प्रयत्न केला असता तर एक सामान्य चित्रकार झाला असता आणि एक यंत्रज्ञ आपण गमावला असता. आणि काही अडचणी म्हणतात, आता थांब. याच औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी पहिल्या महायुद्धाच्या काळात काचकारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. पुढे खेडोपाडी वीज गेली, कंदिलाचे दिवस सरले, आणि आज तो कारखाना चालू नाही. ओगल्यांच्या कर्तबगारीला त्यामुळे बाध येत नाही. परंतु काळाने आणलेली अडचण नुसत्या चिकाटीने दूर होत नाही, एवढे त्यातून शिकावयाचे. कर्ज काढून, घरदार गहाण टाकून, बंद पडणारा धंदा केवळ जिद्दीपायी चालवणे यालाही काही लोक धैर्य म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. आपल्या तरुणांनीही तसे म्हणू नये.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. अडचणीला तोंड देणाऱ्याच्या भोवती जी माणसे असतात, त्यांचे काय? लक्ष्मणरावांच्या चरित्रात दोन पाने अशी आहेत, की ती काढून टाकली तर पुढचे पुस्तकच लिहिले जाणार नाही. एक पान रामूअण्णांचे. नोकरी सोडून आलेल्या धाकट्या भावाला त्यांनी “हे काय केलेस?” म्हणून घरी बसवले नाही, दुकानात घेतले. दुसरे पान औंधच्या राजेसाहेबांचे. विस्थापित होऊन निघालेल्या माणसाला त्यांनी उपदेश केला नाही. जमीन दिली, व्याजाविना पैसा दिला आणि काम करू दिले. अडचण त्यांनी दूर केली नाही, हे मात्र लक्षात घ्या. माळ निवडुंगाचाच होता, आणि तो लक्ष्मणरावांनाच साफ करावा लागला. राजेसाहेबांनी फक्त पाय ठेवावयास जागा दिली.

आपल्या मंडळाने येत्या काळात हे करावे, अशी माझी विनंती आहे. आपण संस्थानिक नाही आणि दहा हजार रुपयांचे तेव्हाचे मोल आज आपल्या शिलकेत नाही. परंतु आपल्याजवळ जे आहे ते थोडे नाही. निर्माणीतून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, मोल्डर आणि ड्राफ्ट्समन आपल्यात आहेत. एखाद्या नव्या कारखानदाराला जो दोष सहा महिन्यांत सापडणार नाही, तो यांचा हात सुट्या भागावरून फिरताच ध्यानी येईल. लेखापरीक्षणात आयुष्य घालवलेले सभासद आहेत. हिशेबाची वही आणि कराची विवरणपत्रे पाहून तोटा कोठे गळतो ते ते सांगू शकतील. निविदा कशी भरावी, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो, हे सांगणारे तर आपण बहुतेक सगळेच आहोत. महिन्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या सभागृहात यासाठी राखून ठेवली, तर तिला खर्च फक्त चहाचा येईल.

दुसरी विनंती भगिनींना आणि बंधूंना सारखीच आहे. गणेशोत्सवात आपल्या मुली-सुना खाद्यपदार्थांचे, कपड्यांचे, हस्तकलेचे स्टॉल लावतात. आपण कौतुकाने घेतो, “छान आहे हो!” म्हणतो आणि घरी जाऊन चिवडा खारट झाल्याचे आपसांत बोलतो. हे करू नका. बेळगावकडच्या त्या शेतकऱ्याने लक्ष्मणरावांवर नकळत उपकारच केला होता, कारण त्याने खोटे कौतुक केले नाही. नव्या उद्योजकाला आपल्याकडून सहानुभूतीची खरेदी नको असते. पुरी किंमत देऊन घ्या, आणि दोष असेल तर तो आपलेपणाने तोंडावर सांगा. बाहेरच्या बाजारात तोच दोष कोणी सांगणार नाही, गिऱ्हाईक फक्त दुसऱ्या दुकानात जाईल.

तिसरी विनंती आईबापांना. मुलाचा धंदा बसला, तर तो सणावारी मंडळात यावयाचे टाळतो. “सध्या काय करतोस?” या प्रश्नाची त्याला धास्ती असते. नोकरीत बदली झालेल्याला आपण जितक्या सहजतेने विचारतो, “आता कोठे?” तितक्याच सहजतेने त्यालाही विचारता आले पाहिजे, “आता कोणते काम?” पडणाऱ्याची लाज वाटण्याचे ज्या समाजाने सोडले, त्याच समाजात उठणारे निघतात.

आणि तरुण मित्रांनो, आपणांस मी उपदेश करणार नाही. नोकरी करणेही मानाचेच आहे. मी ती आयुष्यभर आनंदाने केली. परंतु आपल्यापैकी कोणाला स्वतःचा माळ साफ करावयाचा असेल, तर आपल्या घरचे लोक केवळ भीतीपोटी आड येणार नाहीत, एवढे आश्वासन या सुवर्ण महोत्सवाने आपणांस द्यावे, असे मला मनापासून वाटते. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांच्या इतिहासात नाटकांची, व्याख्यानांची आणि उत्सवांची नोंद असेलच. त्याच्या जोडीने मंडळाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या दोन-चार कारखान्यांची, दुकानांचीही नोंद असावी.